दादाचे गुण

४ मार्च, सोमवार

शी! शी! तीनदा लिहिलं तरी समाधान व्हायचं नाही.

ऑफिसातून आले तर दादा हॉलमध्ये हात वर करून नाचतोय. मला वाटलं, लागली नोकरी! चपला न काढताच विचारलं, "लागली?" तर म्हणतो, "चव्वेचाळीस हजार!" पगार? छे! गुण! त्या प्रोग्रामर लोकांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचे गुण. कुणीतरी कामात अडतं, तिथे प्रश्न टाकतं. दुसरा कुणीतरी उत्तर लिहितो. वाचणाऱ्याला पटलं तर वरचा बाण दाबायचा, उत्तर देणाऱ्याला दहा गुण. नाही पटलं तर खालचा बाण, दोन गुण कापले. एवढाच खेळ. आणि त्यावर सत्तेचाळीस वर्षांचा घोडा नाचतोय!

आतून बाबांचं "बघू... बघू..." चाललेलं. गादी ओली. कधीपासून, देव जाणे. बाबांना सांभाळणाऱ्या मावशी मी यायच्या तासभर आधी त्यांच्या घरी जातात. त्या मधल्या तासात घरात एक धडधाकट माणूस असतो — कानांवर ते टोपल्यांएवढे हेडफोन चढवून.

चादर बदलली. बाबा भिंतीकडे बघत राहिले. मी दादाला काही बोलले नाही. बोलले असते तर थांबता आलं नसतं.

६ मार्च, बुधवार

बाबा वीजखात्यात फोरमन होते. खांबावर चढलेल्या माणसाला खालून हाक मारली की तीन गल्ल्यांतली कुत्री उठायची. झटका आल्यापासून उजवा हात गेला आणि शब्द गेले. एक सोडून. "बघू." लहानपणी आम्ही काहीही मागितलं की हेच. सायकल पाहिजे — बघू. सहलीला जायचंय — बघू. आख्खी भाषा पुसली गेली आणि नेमका तोच उरला! आई असती तर हसून हसून खोकली असती.

बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांच्या डोक्यात सगळं शाबूत आहे हो. तोंडापर्यंत येत नाही." चित्रांची पाटी वापरून बघा म्हणाल्या. चित्राला बोट लावलं की शब्द ऐकू येतो. तयार मिळतात त्या सगळ्या बातम्या दिल्यासारख्या बोलतात. घरातल्या माणसाचा आवाज असेल तर बरं, म्हणाल्या.

मग मीच करतेय. दुकानांची बिलं काढणारी सॉफ्टवेअरं लिहून आयुष्य गेलं, बापासाठी एक पाटी नाही लिहिता येणार? जुना टॅबलेट आहे. पाणी, चहा, पंखा, संडास, दुखतंय, बास. चित्रं मीच काढली. संडासचं चित्र बघून मावशी म्हणाल्या, "ताई, हा टेलिफोन आहे का?"

९ मार्च, शनिवार

पाटी झाली. पण बोलते अर्धी! पाण्याला बोट लावलं की येतं "णी." पंख्याला "खा." चहाला नुसतं "हा." बाबांनी "खा" ऐकलं आणि तोंडच उघडलं — त्यांना वाटलं घास आला. मला हसू आलं आणि मग स्वतःचाच राग आला.

टॅबलेटचा आवाज फार बारीक म्हणून बिनतारी स्पीकर जोडलाय. तिथेच काहीतरी गडबड. पहिलं अक्षर गिळतो.

हेच दादाचं क्षेत्र! आवाज, स्पीकर, रेकॉर्डिंग — पंधरा वर्षं हेच करत होता. त्याच्या दारात उभी राहिले. हेडफोनचं एक टोपलं कानावरून एवढंसं सरकवलं त्याने.

"दादा, बाबांच्या पाटीतला आवाज..."

"आत्ता नको गं छोटे. एका प्रश्नावर तिघं तुटून पडलेत. मी आधी टाकलं पाहिजे."

टोपलं परत कानावर. सांगून झालंच नाही.

१० मार्च, रविवार

दुपारी बाबा झोपले तेव्हा दादाची उत्तरं वाचत बसले. तिथलं त्याचं नाव 'उत्तरदायी'. उत्तरदायी म्हणे! हे नाव सुचलं तेव्हा जीभ कशी नाही अडखळली?

आणि भाषा काय गोड! "फार छान प्रश्न विचारलात." "घाबरू नका, सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं." "हे करून बघा आणि मला नक्की सांगा." मला नक्की सांगा! आमच्या घरी हा माणूस मीठ मागताना मान वर करत नाही.

त्याचं सगळ्यांत गाजलेलं उत्तर कोणतं? ओळीच्या शेवटी चुकून राहिलेली रिकामी जागा कशी काढायची. बस. एका ओळीचं उत्तर, शिकाऊ मुलालाही येईल असं. हा आठ वर्षांपूर्वी सगळ्यांत आधी तिथे पोचला, एवढंच. तेव्हापासून रोज जगात कुठे ना कुठे कुणीतरी त्या रिकाम्या जागेला अडखळतं, तिथे येतं आणि जाता जाता दादाला दहा गुण देऊन जातं. त्याच्या निम्म्याहून जास्त गुण त्या एका ओळीचे आहेत.

आणि त्याचं एक उत्तर आहे, गर्दीतल्या आवाजातून एकाच माणसाचं बोलणं वेगळं कसं काढायचं यावर. पानंच्या पानं. आकृत्या. त्यासाठी त्याने महिनोन्महिने डोकं फोडलं होतं, मला आठवतं, जेवताना ताटात बोटाने लाटा काढायचा. त्याला तीन मतं. तीन! त्यातलं एक माझंच.

म्हणजे मोजतात काय हे गुण? अक्कल? नाही. एकाच खड्ड्यात किती लोक पडले ते मोजतात. खड्ड्याच्या काठावर आधी कोण येऊन बसलं होतं ते मोजतात. दिवसभर बसून राहायला कुणाला परवडतं, कुणाचा चहा दुसरं कुणी करून आणून देतं, ते मोजतात! माझे तिथे दोनशे गुण आहेत. बरोबर आहे. माझ्या हातात चादरी असतात.

दादा इतका मूर्ख नाही. त्याला हे कळत असणारच. कळूनही नाचतो, त्याचीच जास्त किळस येते.

११ मार्च, सोमवार

बाबा आज "बघू" पण म्हणाले नाहीत. दिवसभर.

१३ मार्च, बुधवार

आज जे केलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही. दुसरं खातं उघडलं, भलत्याच नावाने, आणि तिथे प्रश्न टाकला. घरचं काही लिहिलं नाही. "बटण दाबल्यावर शब्दाचं पहिलं अक्षर ऐकू येत नाही, बिनतारी स्पीकर आहे, काय करू?" सोबत माझा सगळा कोड. नीट, मुद्देसूद लिहिलं. जेवणाच्या सुट्टीत टाकला आणि घरी येईपर्यंत उघडून बघितला नाही.

घरी येऊन बघते तर प्रश्न बंद! वर पिवळी पट्टी: हा प्रश्न आधीच विचारला गेला आहे. खाली जोडलेला जुना प्रश्न भलताच, शब्दाचं शेवटचं अक्षर तुटण्याबद्दलचा. वाचलासुद्धा नव्हता बंद करणाऱ्याने. आणि खाली शेरा:

"विचारण्याआधी शोधायचे कष्ट घ्या. इथे कुणी तुमचा नोकर नाही."

— उत्तरदायी.

एवढे गुण झाले की प्रश्न एकट्याने बंद करता येतो. दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही. भिंतीपलीकडे तो मोठ्याने फोनवर कुणाला तरी सांगत होता, "आज पण एक नग आला होता, पाठवला परत!"

नग! मी भिंतीच्या या बाजूला बाबांच्या तोंडात चमचा धरून उभी. पेज त्यांच्या गळ्यावर सांडली.

१४ मार्च, गुरुवार

काल रागात एक गोष्ट बघितलीच नव्हती. प्रश्न बंद व्हायच्या आधी एकाने उत्तर टाकलं होतं. नाव 'पाहुणा-४१'. गुण: एक. म्हणजे नुकताच आलेला. भाषा मोडकी, ओळी एकमेकींवर चढलेल्या.

"माझा मुलगा बोलत नाही त्याच्यासाठी मी पण केलं होतं असंच व्हायचं. स्पीकर झोपतो. उठेपर्यंत अक्षर जातं. शब्दाच्या आधी थोडी शांतता लावा ती तो खाईल शब्द वाचेल."

वाचलं आणि डोळ्यांत पाणीच आलं. किती सोपं! शब्दाआधी थोडी शांतता.

लावली. बाबांच्या पुढे पाटी ठेवली. डाव्या हाताचं बोट थरथरत खाली आलं. "पाणी." आख्खं! माझाच आवाज. बाबा पाटीकडे बघतात, माझ्याकडे बघतात. परत दाबलं. "पाणी." मी पाणी दिलं. दोन घोट घेतले आणि काय करावं? — बोट सरकवत सरकवत "बास" दाबलं! आणि हसले. अर्ध्याच तोंडाने, पण हसले. कितीतरी दिवसांनी या घरात कुणी कुणाला "बास" म्हणालं आणि समोरच्याने ऐकलं!

पाहुण्याच्या उत्तराखाली लिहिलं: "तुमचे उपकार कसे फेडू? आज माझे वडील बोलले."

तासाभरात ते पुसलं गेलं. नियम आहे म्हणे. आभार मानायची ही जागा नव्हे.

१६ मार्च, शनिवार

पाहुण्याचं उत्तर उणे तीनवर. कुणी खाली ओढलं ते दिसत नाही तिथे, पण एकाने शेरा मारलाय: "विरामचिन्हं शिका." अरे, माणूस आपल्या मुलाचं सांगतोय!

मग मी गेलेच दादाच्या खोलीत. हेडफोन स्वतःच्या हाताने काढला त्याच्या कानावरून.

"हा प्रश्न माझा होता."

त्याने पडद्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ओशाळेल. वाटलं होतं!

"तुझा? मग आधी सांगायचं ना! मी बंद नसता केला."

"म्हणजे दुसऱ्या कुणाच्या बहिणीचा असता तर चाललं असतं?"

"अगं, रोज शेकडो येतात. कुणीतरी दाराशी उभं राहायला नको? नाहीतर उकिरडा होईल सगळा."

"वाचला होतास?"

त्याने माउस सरकवला.

"दादा, वाचला होतास का?"

"वरवर."

"त्या पाहुण्याला कुणी खाली ओढलं? तू?"

"उत्तर अशा पद्धतीने लिहीत नाहीत छोटे. माहिती बरोबर असून भागत नाही."

मावशी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्या हातात बाबांचा पायजमा. तशाच परत गेल्या. आणि मला त्या क्षणी माझ्या भावाची इतकी शिसारी आली की त्याच्या टेबलावरचा माझाच कप मी उचलून आणला. त्याने वापरू नये म्हणून. चाळिशी उलटली आणि कप उचलून आणतेय!

१७ मार्च, रविवार

सकाळी प्रश्न उघडलेला दिसला. त्याने परत उघडला. क्षणभर बरं वाटलं. क्षणभरच.

कारण खाली नवं उत्तर. उत्तरदायींचं. लांबलचक, देखणं, ठळक अक्षरांतली शीर्षकं, आकृतीसुद्धा. आत काय? स्पीकर झोपतो, शब्दाआधी शांतता लावा. पाहुण्याचंच! इस्त्री करून! पाहुण्याचा उल्लेख कुठेच नाही.

आणि पहिलं वाक्य — हे इथे उतरवतानाही बोटं चिकट होतात —

"माझ्या वडिलांची वाचा गेल्यावर मला हा प्रश्न पडला."

तुला? तुला पडला? तुला तर बाबांची हाक पडत नाही कानावर! पाटी कोणत्या खोलीत आहे हे माहीत आहे का तुला?

१९ मार्च, मंगळवार

मतांचा नुसता पाऊस पडतोय त्या उत्तरावर. "डोळे पाणावले." "असा मुलगा सगळ्यांना मिळो." असा मुलगा! मुलाने कोड काय लिहिलाय ते कुणी चालवूनही बघितलेलं नाही, कारण आकृतीखालच्या तिसऱ्या ओळीत त्याची चूक आहे. आहे तसा लावला तर चालतच नाही. 'वडील' हा शब्द वाचला आणि बाण दाबले.

पाहुण्याचं उत्तर चालतं. ते उणे चारवर.

प्रश्न विचारणाऱ्याला एक हक्क असतो. कोणत्या उत्तराने काम झालं, त्याच्यापुढे हिरवी खूण करायची. मी पाहुण्यापुढे केली.

रात्रीच्या जेवणाला दादा ताट ओढून बसला. वाटलं बाबांबद्दल काही विचारेल.

"घरचा माणूस सोडून परक्याला खूण?"

मी भाजी वाढली. "चालतं त्याला खूण करायची असते."

"माझं जास्त स्पष्ट आहे."

"तुझी तिसरी ओळ चुकलीय."

हातातला घास खाली ठेवला. उठला, आत गेला. ओळ सुधारायला! बाबांची औषधाची वेळ झाली होती, दोन पावलांवर बाटली होती, तिला ओलांडून गेला.

२२ मार्च, शुक्रवार

पाहुणा गेला. नावाच्या जागी आता राखाडी अक्षरं: "खाते बंद." त्याच्या मुलाचं नाव विचारायचं राहिलं.

२४ मार्च, रविवार

दादाचे पन्नास हजार पूर्ण झाले. बाबांच्या जीवावर. पेढे आणले नाहीत हे नशीब.

विचार करते, मी इतकी का चिडते? नोकरी गेली त्यात त्याचा दोष नव्हता. कंपनीने आख्खा विभागच उठवला. भाड्याचं घर सोडून दोन बॅगा घेऊन आला तेव्हा मीच म्हटलं होतं, ये रे, बाबांनाही सोबत होईल. सुरुवातीला मुलाखती द्यायचा. एका ठिकाणी पोराच्या वयाच्या साहेबाने विचारलं म्हणे, "सर, या वयात शिकायची तयारी आहे का?" त्या दिवशी आला तो सरळ आत गेला आणि दार लावलं. तेव्हापासून गुण. बाहेर कुणी विचारत नाही, आत हजारो लोक "सर, सर" करतात. समजतं मला.

समजतं म्हणून गोड लागत नाही.

२८ मार्च, गुरुवार

दादाची मुलाखत होती, कॉम्प्युटरवरूनच. मला सुट्टी घ्यायला लावली, घरात आवाज नको म्हणून! म्हणजे बाबांचा आवाज नको. वाचा गेलेल्या माणसाचा!

दार अर्धं उघडं होतं. समोरचे साहेब भारी खुशीत.

"तुमचं प्रोफाइल बघितलं सर. पन्नास हजार म्हणजे काय विचारायचंच नाही. आणि ते वडिलांसाठीचं काम... आम्हाला अशीच माणसं हवीत. ज्यांना दुसऱ्याचं दुःख कळतं."

दादा म्हणाला, "छे छे, त्यात काय. कर्तव्य असतं."

कर्तव्य! मी बाबांच्या खोलीत होते. बाबांनी ऐकलं, त्यांना ऐकू उत्तम येतं. मला वाटलं आता त्यांच्या चेहऱ्यावर तरी काहीतरी दिसेल. त्यांनी शांतपणे पाटीवर बोट ठेवलं. "चहा." बस्स, चहा.

मला इतका राग आला बाबांचा! हो, बाबांचासुद्धा. जन्मभर दादाचं सगळं पोटात घातलं. काच फोडली — बघू. नापास झाला — बघू. माझा गणितात एक गुण गेला की मात्र घर डोक्यावर!

त्या साहेबांनी दादाला आवाजाबद्दल एकही अवघड प्रश्न विचारला नाही. गर्दीतून एक बोलणं वेगळं काढणारं ते उत्तर, ज्यात तो खरंच मोठा आहे, ते त्यांनी वाचलेलं नव्हतं. मला दादाची कीव आली. मग "कर्तव्य" आठवलं आणि कीव मावळली.

२ एप्रिल, मंगळवार

लागली नोकरी. दूर, विमानाने जायचं. पगार माझ्या तिप्पट. सगळे गुण कारणी लागले, आणि मी इथे पानंच्या पानं खरडतेय की ते काही मोजत नाहीत! मोजतात तर! बाजारात चालतात. माझंच नाणं खोटं.

ऑफिसात शेजारची टेस्टर म्हणाली, "तुमचे भाऊ म्हणजे ते उत्तरदायी? बाई गं! तुम्ही किती नशीबवान!" मी कॉफीचा मग धुवायला निघून गेले. धुतलेलाच होता.

६ एप्रिल, शनिवार

गेला.

बॅगा दारात. बाबांच्या खोलीत गेला तेव्हा मी मुद्दाम बाहेर थांबले, आत असते तर काहीतरी वेडंवाकडं बोलले असते. मग बाबा म्हणाले, "बघू." मग परत, "बघू."

बाहेर आला. मला म्हणाला, "छोटे, पैसे पाठवत जाईन. मावशींना पूर्ण दिवस ठेव."

"पाटीचं उत्तर तुझं नाही असं एक वाक्य लिही तिथे. दुसरं काही नको मला."

"आता ते कोण बघतंय."

टॅक्सीत बसला. काच खाली करून काहीतरी म्हणाला, मला ऐकू आलं नाही. मी विचारलंही नाही. हात हलवला, कारण समोरच्या गॅलरीतल्या काकू बघत होत्या.

त्याची खोली झाडली. टेबलाखाली बिस्किटांचा चुरा, वायरींची भेंडोळी. खिडकी उघडली. आठ महिन्यांचा कोंदट वास गेला. किती हलकं वाटलं! बाबांची खाट उद्या या खोलीत आणणार, इथे उजेड जास्त आहे.

९ एप्रिल, मंगळवार

त्याने वाक्य लिहिलेलं नाही. बघितलं आज. मतं वाढतच आहेत. आता नाही बघणार.

१० एप्रिल, बुधवार

बघितलं. नाही लिहिलं.

१५ एप्रिल, सोमवार

बाबांना भरवताना गालाला हात लागला. खुंट, चांगले वाढलेले. मावशींना जरा लागेलसंच बोलले, "दाढी तरी करत जा हो वेळेवर."

"मी? मी नाही हो कधी केली, ताई. मला वस्तऱ्याची भीती वाटते. दादा करायचे की! तुम्ही ऑफिसला गेलात की एक दिवसाआड. तुम्हाला ठाऊक नाही?"

मी नाही म्हटलं.

"पाणी गरम नाही ना, ते आधी स्वतःच्या गालाला लावून बघायचे. बोलायचे नाहीत काही. कधीकधी तास तास चालायचं दोघांचं."

मावशी गेल्यावर डबा शोधला. बाबांच्याच कपाटात होता, मागे. ब्रश धुऊन उपडा ठेवलेला. फेस केला, खाटेवर बसले. वस्तरा कसा धरतात तेही मला माहीत नाही.

बाबांनी आपणहून डोळे मिटले आणि डावा गाल फुगवून पुढे केला.